जिन्यात अडकलेलं अंतराळयान

मालिका बंद पडली म्हणून माणसं मरत नाहीत, हे चष्मेवाल्यांनी सासरेबुवांना परोपरीनं सांगून पाहिलं. सासरेबुवांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दाढी करणं सोडलं.

चष्मेवाले म्हणजे चौकात ज्यांचं चष्म्यांचं दुकान आहे ते. साधा, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्यांचं आयुष्यात एकच मागणं होतं : दुकानातून घरी यावं आणि घरात कुणी आपल्याला काही विचारू नये. सासरेबुवा राहायला आल्यापासून हे मागणं आठवड्यातून फक्त एकदा पूर्ण होत असे, ते म्हणजे ‘ध्रुवापलीकडे’ लागायचं त्या संध्याकाळी.

‘ध्रुवापलीकडे’ ही अंतराळात वाट चुकलेल्या एका यानाची गोष्ट होती. यानात एक कप्तान होता, एक डॉक्टरीण होती आणि एक कुरकुऱ्या यंत्रज्ञ होता. यानाची बटणं धुलाई यंत्राची होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि परग्रहावरचे सगळे डोंगर एकाच कापडाचे होते. पण जीव जडला की माणूस कापड बघत नाही. सासरेबुवा आणि जावई एकाच सोफ्यावर, एकाच दिशेला तोंड करून, एकमेकांशी न भांडता बसलेले दिसायचे ते तेवढ्याच वेळात. मग भाग संपला की ते पुढच्या आठवड्यापर्यंत मालिकेवरून भांडायचे, आणि त्या नादात सासरेबुवा घरातल्या इतर गोष्टींकडे लक्ष द्यायला विसरायचे. चष्मेवाल्यांच्या संसाराचा हा पायाच होता म्हणा ना.

भांडणाचा विषय यंत्रज्ञ. मागे एका भागात तो यानाबाहेर काहीतरी दुरुस्त करायला गेला, त्याची दोरी तुटली आणि तो बाहेरच राहिला. यानातलं कुणी फारसं रडलंही नाही. चष्मेवाल्यांना मात्र ते फार लागलं होतं. सगळ्या यानाची डागडुजी करणारा, कुणीही कधी ‘बस रे जरा’ न म्हटलेला तो माणूस त्यांना उगाच ओळखीचा वाटायचा.

आणि मग तो शेवटचा भाग. कप्तान यानाच्या बाहेरच्या दारापाशी एकटा उभा. पलीकडे नुसती पोकळी. आणि त्या पोकळीतून दारावर थाप पडते. ठक, ठक, ठक. कप्तान विचारतो, “कोण आहे?” आणि पडद्यावर ‘क्रमशः’.

पुढच्या आठवड्यात त्या जागी गाण्यांची स्पर्धा लागली.

“थाप यंत्रज्ञानंच मारली,” चष्मेवाले पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

“खुळे आहात,” सासरेबुवा म्हणाले होते. “त्याची हवा केव्हाच संपली. बाहेर परग्रहाचा राजदूत आहे.”

“त्याच्याजवळ जादा टाकी होती. दाखवली होती सुरुवातीला.”

“टाकी गळकी होती. तेही दाखवलं होतं.”

आता हा वाद मिटवायला पुढचा भागच येणार नव्हता. सासरेबुवा आपल्या लेकीला म्हणाले, “मी आता या वयात नवी मालिका कुठून धरू? हिचा शेवट कळला असता म्हणजे झालं होतं.” चष्मेवाल्यांनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते वाईट वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. सकाळी सासरेबुवा मोरीच्या दारात उभे होते.

“जावईबुवा, हा नळ थेंबतो.”

सासरेबुवा कस्टममधून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या बॅगा उघडायला लावण्यात गेला. आता ती सगळी नजर, जी इतके दिवस अंतराळात लागली होती, ती घरात परत आली. दुकान इतक्या उशिरा उघडतात का? पिशवीत काय आहे? पेपर वाचून झाल्यावर घडी अशी घालतात? आणि रोज, न चुकता, नळ. चष्मेवाल्यांनी वॉशर बदलला. नळ जरा वेगळ्या चालीत थेंबू लागला.

“अहो, काहीतरी करा,” बायको म्हणाली. “बाबांचं मन कशात तरी गुंतवा.”

“त्यांचं मन गुंतलंय. माझ्यात.”

इथं खरं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण चष्मेवाल्यांनी चाहता मंडळाची शोकसभा आपल्या घरी बोलावली. मंडळ म्हणजे स्वयंघोषित अध्यक्ष सासरेबुवा, एक ग्रंथपाल, ज्यांना मालिकेचे सगळे संवाद पाठ होते आणि ते थांबवता येत नसत, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या, आणि त्या शांततेत मोरीतून नळ थेंबत राहिला. सासरेबुवांनी मान न उचलता जावयाकडे पाहिलं.

मग डॉक्टरीणबाईंनी बातमी फोडली. स्टुडिओचा भांडारप्रमुख त्यांच्याकडे दाढ काढायला आला होता. यानाचा सेट मोडून जळणात घालायचा हुकूम निघाला होता. ज्याला जे हवं ते त्यानं आधी घेऊन जावं.

“खरं असेल कशावरून?” ग्रंथपाल म्हणाले.

“दाढ काढण्याआधी माणूस खोटं बोलत नाही,” बाई म्हणाल्या.

“दार,” सासरेबुवा एवढंच म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज वर चढला. “ते दार जळता कामा नये. माझ्या खोलीला बसवू.”

सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. कुठल्याही मंडळात काम करणारा एकच असतो आणि त्याला ते शेवटी कळतं.

चष्मेवाले दुकान बंद ठेवून टेम्पो घेऊन स्टुडिओवर गेले. भांडारप्रमुखानं गाल धरून दाराचा पास दिला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पास पाहिला, टेम्पो पाहिला, आणि मान हलवली.

“पास दाराचा आहे. ही तर चौकट पण आहे.”

“दाराला चौकट असतेच.”

“मग लिहायला हवी होती.”

चष्मेवाले परत गेले. भांडारप्रमुख म्हणाला, चौकट वेगळी करायला सुतार लागेल, आणि सुतार गाण्याच्या स्पर्धेचा जिना बांधतोय. त्यापेक्षा मी पासावर ‘भिंत’ असं करून देतो, त्यात सगळं आलं. पहारेकऱ्यानं नवा पास वाचला. “भिंत असेल तर सगळी न्या. अर्धी भिंत कशी सोडू? उरलेली कुणी विचारली तर मी काय सांगू?” अशा रीतीनं एक दार आणायला गेलेले चष्मेवाले दार, चौकट आणि दाराच्या बाजूची पोकळ भिंत असं सगळं घेऊन निघाले.

दार टेम्पोत चढवताना त्यांना आणखी एक गोष्ट कळली आणि ती त्यांच्या मनाला लागली. मालिकेत जे दार ‘स्स्स’ करून आपोआप भिंतीत सरकायचं, ते आपोआप सरकत नव्हतंच. आतल्या बाजूला एक कप्पी होती, तिच्यावरून दोरी होती, आणि ती एक माणूस ओढत असे. हे सासरेबुवांना सांगावं की नाही याचा त्यांनी वाटभर विचार केला. शेवटी सांगितलं. सासरेबुवांनी बराच वेळ दोरीकडे पाहिलं.

“म्हणजे आत कुणीतरी उभं असायचं,” ते म्हणाले. आणि का कोण जाणे, खूश झाले.

इमारतीला लिफ्ट नव्हती. चष्मेवाले राहायचे तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या समोर. हमालांनी यानाचा तो तुकडा उचलला आणि जिन्यात शेजारी जमले. कुणी जड वस्तू चढवताना शेजारी हातभार लावत नाहीत, पण सल्ला मात्र उदार मनानं देतात.

“तिरकं घ्या,” तळमजल्याचे गृहस्थ म्हणाले.

“आणखी तिरकं,” पहिल्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिका म्हणाल्या.

“उलटं तिरकं,” सेक्रेटरी वरून म्हणाले. त्यांना आधी हे काय आहे ते विचारायचं होतं, पण तिरकं घ्या म्हणण्याची संधी त्यांनाही सोडवेना.

शेवटच्या वळणावर हमालांनी सगळ्यांचं ऐकलं. भिंतीचं वरचं टोक छताच्या तुळईखाली गेलं, खालचं कठड्यात घुसलं, काहीतरी कर्रकन वाजलं, आणि सगळं एकदम ताठ उभं राहिलं. जिना या कडेपासून त्या कडेपर्यंत बंद. पोकळ भिंत कठड्यापलीकडे अधांतरी, आणि मधोमध चंदेरी दार. हमालांनी ढकललं, ओढलं, लाथ मारली. ते यान तसूभरही हललं नाही. जिन्याची मापं घेऊनच केलं होतं जणू.

“उद्या बघू,” हमाल म्हणाले. ते उद्या आजपर्यंत उजाडलेलं नाही.

तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर जायचं तर दारातून जावं लागे. दोरी वरच्या बाजूला. वरून खाली उतरणारा आपली दोरी आपण ओढून बाहेर पडे. खालून येणाऱ्याला मात्र हाताला धरायला काही नव्हतं. त्यानं थाप मारायची आणि कुणी दोरी ओढेल याची वाट बघायची.

सासरेबुवांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्ची घेऊन दारामागे जाऊन बसले.

“कोण आहे?”

“अहो मी आहे, सेक्रेटरी. समोर राहतो तुमच्या.”

“कामाचं स्वरूप?”

“घरी जायचंय!”

“पिशवीत काय आहे?”

“बटाटे आहेत! उघडा!”

मग दोरी करकरायची आणि सासरेबुवा तोंडानं “स्स्स” करायचे. ते कधी चुकलं नाही. गच्ची वरच होती, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या बायका कपडे वाळत घालायला तिथूनच जात, आणि प्रत्येक बादलीची चौकशी होई. संगीतशिक्षिकांनी तर आपलं उत्तर सुरात द्यायला सुरुवात केली. ग्रंथपाल रोज यायचे, थाप मारायचे, “कोण आहे?” ऐकायचे आणि डोळे पुसत परत जायचे. आत यायचंच नसायचं त्यांना. डॉक्टरीणबाई आपले रुग्ण दाखवायला घेऊन येत.

या सगळ्याचं खापर अर्थातच चष्मेवाल्यांवर. वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना आता ‘दरवाजेवाले’ म्हणू लागले. दुकानात माणसं यायची, चष्म्याच्या फ्रेमी चाळवायची आणि हळूच विचारायची, “ते जिन्यातलं तुमचंच ना?” इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांची सेवा केली, आणि नाव कशानं झालं तर प्लायवूडनं.

त्यांनी दार काढायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. सेक्रेटरींना म्हणाले, कठड्याचा एक गज कापला तर निघेल. सेक्रेटरी म्हणाले, कठडा सामाईक मालमत्ता आहे, सर्वसाधारण सभा लागेल. सभा भरते गच्चीवर. सभेला येणाऱ्या प्रत्येकाला सासरेबुवांनी कामाचं स्वरूप विचारलं, आणि सभासद पुरेसे वर पोचेपर्यंत पोचलेले कंटाळून उठून गेले.

मग सेक्रेटरींनीच तक्रार केली आणि नगरपालिकेचा निरीक्षक आला. त्यानं दारावर बोटानं वाजवून पाहिलं.

“लाकडी आहे. हे बांधकामात येत नाही. फर्निचरचा अडथळा म्हणजे अग्निशमनवाल्यांचं खातं.”

अग्निशमनचा अधिकारी आला. सासरेबुवांनी त्याची नीट चौकशी करून दार उघडलं. त्यानं ते दोनदा उघडून-मिटून पाहिलं.

“उघडतंय की. उघडतं त्याला अडथळा म्हणत नाहीत, दार म्हणतात. दार म्हणजे बांधकाम. नगरपालिकेत जा.”

चष्मेवाले त्याच्या पाया पडायच्या बेतात होते. “साहेब, माझं ऐका, हा अडथळाच आहे. मी स्वतः सांगतोय, मी अडकतो.”

“थाप मारा ना मग,” अधिकारी म्हणाला. “काका चांगले आहेत.”

काका चांगले होते, जगाला. जावयाला रोज संध्याकाळी वेगळीच वागणूक मिळे. सेक्रेटरींना सोडायला दोन प्रश्न, तर चष्मेवाल्यांना पूर्ण नाव, धंदा, आल्याचं कारण, आणि वर, “नळाचं सामान आणलंत?” नळ अजून थेंबत होता. दमून आलेला माणूस आपल्याच जिन्यात, प्लायवूडच्या त्या चंदेरी तुकड्यापुढे उभा राहून आपण कोण ते सांगतोय, आणि खालून संगीतशिक्षिका कान देऊन ऐकतायत. मानाचा माणूस याहून किती खाली जाणार?

शेवटी सेक्रेटरींचा संयम संपला. त्यांच्या बायकोला दळणाचा जड डबा घेऊन ताटकळत उभं केलं होतं, तेव्हा तो संपला. त्यांनी सभा नाही, ठराव नाही, सरळ फर्मान काढलं : परवा सकाळी सुतार येईल आणि दाराचे तुकडे करील.

चष्मेवाल्यांना आनंद व्हायला हवा होता. सकाळी दुकानात जाताना त्यांनी सासरेबुवांकडे पाहिलं. ते दोरीला हात लावून बसले होते.

“उद्यापासून इथं काही नाही,” सासरेबुवा म्हणाले. “आणि बाहेर कोण होतं ते राहूनच गेलं.”

चष्मेवाले नुसती पिशवी उचलून दुकानात गेले. दिवसभर मात्र त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. एका आजोबांना त्यांनी दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला, आणि आजोबा “वा, किती स्वच्छ दिसतंय,” म्हणत गेले, ते परत आणायला त्यांना पार चौक ओलांडून धावावं लागलं. वर दोन गिऱ्हाईकं दार बघायला कधी येऊ म्हणून विचारून गेली. संध्याकाळी जिना चढताना त्यांचे पाय भरून आले होते, डोकं तापलं होतं आणि पिशवीत नळाचं सामान होतं.

त्यांनी थाप मारली. ठक, ठक, ठक.

“कोण आहे?”

“उघडा, बाबा.”

“कोण आहे विचारलं.”

आणि मग चष्मेवाल्यांचं टाळकं सरकलं.

“मी आहे! दुसरं कोण असणार? रोज मीच असतो! दुकान बंद ठेवून हे धूड आणणारा मी, त्याच्यापायी गावभर हसं झालेला मी, तुमचा नळ दुरुस्त करणारा मी! सगळ्या घराची डागडुजी मी करायची आणि बाहेर पण मीच उभं राहायचं! एकदा तरी कुणी म्हणालंय का, बाबा रे, दमलास, आत ये? दोरी तुटली माझी, बाबा! टाकी संपत आली! उघडा!”

जिना चिडीचूप झाला. खालच्या सगळ्या मजल्यांवरची दारं उघडल्याचे आवाज आले होते, ते तिथंच थांबले. चष्मेवाले धापा टाकत उभे राहिले. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू येऊ लागलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

पलीकडे सासरेबुवा उठले. मग खुर्ची सरकली. दोरी करकरली. दार हळूहळू भिंतीत गेलं. आज “स्स्स” झालं नाही.

सासरेबुवा दोन्ही हातांनी दोरी धरून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

“यंत्रज्ञच होता,” ते म्हणाले. “आणि मी आपला राजदूत, राजदूत करत बसलो.”

“बाबा, मी रागाच्या भरात...”

“या. आत या आधी. दमलाय तुम्ही.”

खालून कुणीतरी टाळी वाजवली आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. टाळी ग्रंथपालांची असावी.

सकाळी सुतार आला. त्यानं थाप मारली, तेव्हा सासरेबुवांनी कोण आहे ते विचारलं नाही. स्वतः दोरी ओढली, त्याला आत घेतलं आणि कुठून कापायला सोपं जाईल ते दाखवलं. करवत चालत असताना डॉक्टरीणबाई आणि ग्रंथपाल पायरीवर माना खाली घालून उभे होते. सेक्रेटरींनी तिरकं कापा म्हणून सल्ला दिला. कप्पी आणि दोरी सासरेबुवांनी मागून घेतली.

जिना मोकळा झाला, पण सवय गेली नाही. त्या वळणावर आलं की लोक क्षणभर थबकायचे. सेक्रेटरींना तर एकदा संगीतशिक्षिकांनी मोकळ्या जागेकडे बघून “बटाटे” म्हणताना ऐकलं.

चष्मेवालेही संध्याकाळी वळणावर थांबले, मग स्वतःवरच चडफडत वर गेले. घरच्या दाराला बेल होती, पण हात सवयीनं थाप मारायला गेला. ठक, ठक, ठक. दार लगेच उघडलं. सासरेबुवा होते. आजवर त्यांनी जावयासाठी हे दार कधी उघडलं नव्हतं. ते काम लेकीचं. चष्मेवाले काहीतरी म्हणणार होते, पण सासरेबुवांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. आत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

“नळ अजून थेंबतोय,” सासरेबुवा म्हणाले. मग त्यांनी जावयाला आधी चहा घेऊ दिला, आणि नंतर बॅटरी धरायला स्वतः मोरीत येऊन उभे राहिले.